मामांची मर्सिडीज

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादकरांनी एका दिवसात १५० मर्सिडीज घेतल्या. एकूण सौदा ६५ कोटींचा. त्यातल्या चाळीस कोटींहून जास्त रकमेचं कर्ज स्टेट बँकेने दिलं, तेही सात टक्क्यांनी. घेणाऱ्यांत कारखानदार होते, बिल्डर होते, डॉक्टर होते. एकट्यादुकट्याने गेलं तर शोरूमवाला चहा पाजून वाटेला लावतो आणि दीडशे जणांनी मिळून मागणी नोंदवली तर कंपनीच दारात येते, हा त्यामागचा व्यवहार. त्याहून मोठं कारण म्हणजे रुसवा. आपल्या शहरात पैसा आहे, पण मुंबई-पुण्याला तो दिसत नाही, असं या मंडळींना वाटत होतं. त्या वर्षाच्या अखेरीस पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’त या सौद्याची दुसरी बाजू मांडली: मर्सिडीजला सात टक्के आणि त्याच भागातल्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला जवळपास दुप्पट व्याज.

पंधरा वर्षं उलटली. शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं. वाद मात्र अजून मिटलेला नाही आणि आता तो घरोघरी होतो. असाच एक वाद पुढे दिला आहे. त्यातले मामा आणि भाची या लेखापुरते घडवलेले आहेत. आकडे घडवलेले नाहीत.

मामा दहावी आणि आयटीआय. बजाजने १९८५ मध्ये वाळूजला कारखाना काढला, त्याच्या आसऱ्याने जे शेकडो लहान पुरवठादार उभे राहिले त्यांतले एक. आधी दुसऱ्याच्या शेडमध्ये हेल्पर, मग स्वतःची दोन प्रेस मशीन, आता प्रायव्हेट लिमिटेड. भाची पुण्यात सीए. तिच्याकडे सात वर्षं जुनी हॅचबॅक आहे आणि तिचं तिला काही वाटत नाही. मामांच्या कंपनीचा ताळेबंदही तीच बघते, त्यामुळे तिच्यापुढे मामांना पुड्या सोडता येत नाहीत.

“ई-क्लास घेतोय,” मामांनी सांगितलं. “लांबवाली.”

लांबवाली म्हणजे मागच्या सीटवर पाय पसरता येतील अशी. ही गाडी भारतात २०१७ पासून मिळते आणि पुण्याजवळ चाकणला जुळवली जाते. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिची नवी आवृत्ती आली तेव्हा शोरूममधली किंमत साडेअठ्ठ्याहत्तर लाखांपासून सुरू होत होती.

“पैसे?”

“सत्तर लाख बँक देतेय. पाच वर्षं. आणि गाडी कंपनीच्या नावावर. घसारा मिळेल, व्याज खर्चात पडेल. तूच सांगतेस ना टॅक्स वाचवा म्हणून?”

भाचीने लॅपटॉप उघडला. सत्तर लाख, नऊ टक्के, साठ हप्ते. महिन्याचा हप्ता सुमारे एक लाख पंचेचाळीस हजार. पाच वर्षांत व्याजच सतरा लाखांवर. हे मामांना ठाऊक होतं. पुढचं नव्हतं.

“मामा, महाराष्ट्रात स्वतःच्या नावावर वीस लाखांच्या वरची पेट्रोल गाडी घेतली तर रोड टॅक्स तेरा टक्के. कंपनीच्या नावावर घेतली तर वीस. साडेअठ्ठ्याहत्तर लाखांवर तेरा टक्क्यांनी होतात दहा लाख वीस हजार, वीस टक्क्यांनी पंधरा लाख सत्तर हजार. साडेपाच लाखांचा फरक नंबरप्लेट लागायच्या आधीच खिशातून गेला. आता तुमचा घसारा बघू. गाडीवर पंधरा टक्के. चौऱ्याण्णव लाखांवर चौदा लाखांचा घसारा. पण चौदा लाख हा खर्च झाला, वाचलेला टॅक्स नव्हे. टॅक्स वाचतो त्याच्या पाव हिश्शाला, म्हणजे साडेतीन लाख. पहिल्या वर्षाच्या व्याजावर अजून दीडेक लाख. झाले पाच. म्हणजे पहिल्या वर्षात सगळी मिळून जी बचत होते, ती वाढीव रोड टॅक्सही भरून काढत नाही.”

“आणि दसऱ्याला घेतली तर?”

“दसरा कधी आहे ते बघा. गाडी त्या आर्थिक वर्षात एकशे ऐंशी दिवसांपेक्षा कमी वापरली तर घसारा निम्मा. ऑक्टोबरचे पहिले दोन-तीन दिवस गेले की संपलं. २०२५ चा दसरा दोन तारखेला आला होता, तो बसत होता. आणि जीएसटीचं क्रेडिट विचारूच नका. माणसं वाहायच्या साध्या गाडीवर ते मिळत नाही.”

मोठ्या पेट्रोल-डिझेल गाडीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून सरसकट चाळीस टक्के जीएसटी लागतो. त्याआधी अठ्ठावीस टक्के आणि वर सेस धरून तो अठ्ठेचाळीस-पन्नासपर्यंत जायचा. लहान गाडीवर आता अठरा टक्के आहे. दहा लाखांच्या वरच्या प्रत्येक गाडीवर विक्रेता एक टक्का टीसीएस वसूल करतो, त्याची नोंद थेट खरेदीदाराच्या पॅनवर जाते. गाडी रस्त्यावर यायच्या आधी ती आयकर खात्याला दिसलेली असते.

“म्हणजे सरकारला मी एका गाडीत जेवढं देतो, तेवढा तुझा पाच वर्षांचा टीडीएस नसेल,” मामा म्हणाले. “तरी देशाला उपयोगी तू, आणि उधळ्या मी.”

हा टोमणा अगदीच खोटा नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये पंतप्रधानांनी एका भाषणात सांगितलं होतं की पाच वर्षांत दीड कोटी महागड्या गाड्या विकल्या गेल्या आणि आयकर भरणारे मात्र दीड कोटीच आहेत. आकडा ऐकायला खणखणीत, पण त्या पाच वर्षांत देशात विकल्या गेलेल्या सगळ्या प्रवासी गाड्या मिळूनच साधारण तेवढ्या होत्या. म्हणजे त्या हिशेबात अल्टोही महागडीच. खरोखर महागड्या म्हणाव्यात अशा गाड्या भारतात शंभरातली एखादीच विकली जाते. २०२४ मध्ये मर्सिडीजने १९,५६५ गाड्या विकल्या, तर त्या वर्षात देशात एकूण प्रवासी वाहनं त्रेचाळीस लाखांच्या घरात गेली. आपण ज्या ‘चंगळवादा’वर अग्रलेख लिहितो तो प्रत्यक्षात इतका चिमूटभर आहे. तो डोळ्यांत भरतो, कारण डोळ्यांत भरण्यासाठीच तो केलेला असतो.

भाची मशीनवर आली. ती तिथे येणार हे मामांना माहीतच होतं.

“याच पैशात कारखान्यासाठी दोन व्हीएमसी मशीन येतात. तीन शिफ्टमध्ये चालतील. त्यावरही पंधरा टक्के घसारा, वर जीएसटीचं क्रेडिट पूर्ण. गाडी पैसे खाते, मशीन पैसे देतं.”

“मशीन पैसे देत नाही, बाई. ऑर्डर पैसे देते. शेडमध्ये एक व्हीएमसी दिवसाचे आठ तास कव्हर घालून उभी आहे, तुझ्या ताळेबंदात ती दिसत नाही. आता ऑर्डर कशी मिळते ते ऐक. चाकणच्या कंपनीत व्हेंडर मीटिंग असते. मी बोलेरोतून गेलो की गेटवरचा सिक्युरिटीवाला गाडी बाहेर लावायला सांगतो, रजिस्टरमध्ये नाव लिहून घेतो, कुणाला भेटायचंय विचारतो. मालक आहे सांगितलं तरी ड्रायव्हरकडेच बघतो. आत परचेसवाला एमबीए पोरगा, वय अठ्ठावीस. माझं इंग्रजी ऐकून अर्ध्या मिनिटात ठरवतो की हा माणूस पार्ट वेळेवर देईल की नाही. माझ्याशेजारी बसलेला पुण्याचा व्हेंडर माझ्याहून लहान, माझ्याहून जास्त रिजेक्शन. पण तो इंजिनिअर. कार्डावर लिहिलेलं असतं. माझ्या कार्डावर काय लिहू, आयटीआय फिटर?”

भाची गप्प बसली. मग तिने मोठ्या माणसांची नावं काढली. विप्रोचे अझीम प्रेमजी कित्येक वर्षं साध्या फोर्डमधून आणि नंतर टोयोटा कोरोलामधून फिरत, हे तिने ऐकवलं.

“प्रेमजींना गाडी कशाला लागते?” मामा म्हणाले. “नाव सांगितलं की गेट उघडतं. साधेपणा परवडायलाही आधी नाव लागतं.”

या लेखकाच्या मते मामांचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच, आणि शिकलेली माणसं तो ऐकूनच घेत नाहीत. ज्याच्याकडे पदवी, आडनाव, भाषा, कॉलेजातले मित्र आहेत, त्याची पत तोंड उघडताच कळते. ज्याच्याकडे यांतलं काहीच नाही, त्याला ती चार चाकांवर घालून न्यावी लागते. अर्थशास्त्रज्ञांनीही हे तपासलेलं आहे. केर्विन चार्ल्स, एरिक हर्स्ट आणि निकोलाय रुसानोव यांचा २००९ मधला अमेरिकेवरचा अभ्यास प्रसिद्ध आहे. उत्पन्न सारखं धरलं तरी तिथली कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक कुटुंबं कपडे, दागिने आणि गाड्यांवर गोऱ्या कुटुंबांपेक्षा सुमारे तीस टक्के जास्त खर्च करतात, असं त्यांना दिसलं. यावर ‘या लोकांना पैसा वापरता येत नाही’ असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण आकडे राज्यवार लावल्यावर वेगळंच निघालं. आपल्यासारख्या लोकांचं सरासरी उत्पन्न जिथे कमी, तिथे दिखाव्याचा खर्च जास्त, आणि गोऱ्यांच्या बाबतीतही हाच नियम. भोवतालची माणसं गरीब असली की बघणारा तुम्हालाही गरीबच धरतो. तो समज पुसायचा तर पैसे मोजावे लागतात.

मग औरंगाबादची दीडशे गाड्यांची वरात पुण्यात का निघाली नाही, याचंही उत्तर थोडंफार मिळतं.

शेजाऱ्याकडे बघून होणारी खरेदी हा यातलाच दुसरा पदर. नेदरलँड्समध्ये पोस्टाच्या पिनकोडवर चालणारी एक लॉटरी आहे. तिच्यावरच्या २०११ मधल्या एका अभ्यासाच्या वेळी पिनकोड लागला की तिथल्या तिकीटधारकांना तिकिटामागे साडेबारा हजार युरो आणि त्यांतल्या एकाला बीएमडब्ल्यू मिळायची. त्या अभ्यासात दिसलं की ज्यांनी तिकीटच काढलं नव्हतं, त्या शेजाऱ्यांच्याही गाड्या पुढच्या काही महिन्यांत वाढल्या. त्यांचं उत्पन्न काडीने वाढलं नव्हतं. वाढला होता तो शेजाऱ्याच्या दारातला पत्रा. शेंद्रा, बिडकीन, हिंजवडी, वाघोली, जिथे जिथे जमिनीचे पैसे आले तिथे हे आपण पाहिलं आहे. ‘गुंठामंत्री’ ही पदवी मराठी माणसाने उगाच बहाल केली नाही. मोबदला आला, पांढरी स्कॉर्पिओ नाहीतर फॉर्च्युनर आली, चार वर्षांनी गाडी गेली आणि जमीन तर आधीच गेली होती. पुण्याजवळच्या मगरपट्ट्यात सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी चारशेहून जास्त एकर जमीन एकत्र केली, ती विकली नाही, जमिनीच्या प्रमाणात कंपनीत हिस्सा घेतला आणि आज तिथल्या इमारतींचं भाडं खातात. हे उदाहरण सगळे सांगतात. तिथे एक जाणकार पुढारी, वर्षानुवर्षांचा विश्वास आणि कागदपत्रं समजणारी माणसं होती, हे सांगायचं राहून जातं.

आता भाचीची बाजू. तिच्याकडेही एक अभ्यास होता आणि तो भारतातला होता. मेलनी खामिस, निशिथ प्रकाश आणि झहरा सिद्दिकी यांनी २००५ च्या देशव्यापी पाहणीतले आकडे तपासून २०१२ मध्ये मांडलं की उत्पन्न, मालमत्ता, कुटुंबाचा आकार हे सगळं जमेस धरूनही इतर मागासवर्गीय कुटुंबं दिसणाऱ्या वस्तूंवर उच्चवर्णीयांपेक्षा सरासरी आठ टक्के जास्त खर्च करतात.

“तेच ना,” मामा म्हणाले. “ज्याला हिणवलं, तो दाखवणारच.”

“दाखवू दे. पण हा जास्तीचा पैसा कुठून येतो तेही त्यांनी शोधलंय. शिक्षणाच्या खर्चातून.”

मामी इतका वेळ भाजी निवडत ऐकत होत्या. त्यांनी मान वर केली, बोलल्या मात्र काही नाहीत.

विषय तिथे आला, कारण मामांच्या धाकटीला जर्मनीला एमएस करायचंय. यंत्र अभियांत्रिकी. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. पण व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधी खात्यात अडकवून दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो आहे. रुपयांत बारा लाखांच्या आगेमागे.

“मामा, तुम्ही आरटीओत जो रोड टॅक्स भरणार, तो हिच्या वर्षभराच्या जर्मनीपेक्षा जास्त आहे. गाडी नाही म्हणत मी, फक्त टॅक्स. आणि तिला काय म्हणालात तुम्ही? पुढच्या वर्षी बघू.”

“गाडीला बँक उभ्या उभ्या कर्ज देते,” मामा म्हणाले. आवाज थोडा उतरला होता. “पोरीच्या शिक्षणाला साडेसात लाखांच्या वर गेलं की घर तारण मागते.”

इथे मामा चुकले नाहीत, आणि भाचीनेही ते मान्य केलं. बँकेच्या लेखी गाडी ओढून नेता येते, शिक्षण ओढून नेता येत नाही. बँकांच्या ठरलेल्या शैक्षणिक कर्जयोजनेत साडेसात लाखांच्या पुढे तारणाची अट असते ती याचसाठी. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम-विद्यालक्ष्मी योजना आणली आणि निवडक देशी संस्थांत शिकणाऱ्यांचं कर्ज विनातारण केलं. जर्मनीला जाणारी मुलगी त्यात बसत नाही. घरात कशाला आधी पैसे द्यायचे हे आपण ठरवतो असं वाटतं. निम्मं बँकेच्या फॉर्मने आधीच ठरवलेलं असतं.

पण मामा गप्प बसणाऱ्यांतले नव्हेत.

“आता तुझं बोलू. तुझा पोरगा कितवीत? तिसरीत. शाळेची फी किती?”

“साडेतीन लाख. बस वेगळी.”

“तिसरीत तो काय शिकतो साडेतीन लाखांचं? मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो, तिथे अजूनही पाढे तेच आहेत. तू त्याला तिथे घातलंस ते पाढ्यांसाठी नाही. बरोबरची पोरं कुणाची आहेत, ते बघून घातलंस. पालकसभेला कोण येतं ते बघून घातलंस. ती तुझी मर्सिडीजच की. फक्त तिला शिक्षण म्हणतात, म्हणून कुणी हसत नाही.”

हे वर्मी लागलं. सरकारच्या २०२५ च्या पाहणीत सरकारी शाळेतल्या मुलामागे कुटुंबाचा वर्षाचा सरासरी खर्च २,८६३ रुपये निघाला, तर बाकीच्या शाळांत २५,००२. जवळपास नऊपट. शिवाय शंभरातली सत्तावीस मुलं खासगी शिकवणीला जातात. नऊपट पैशांत नऊपट शिकणं मिळतं असं कुणीच म्हणणार नाही. त्यातला मोठा भाग इमारतीचा, इंग्रजीचा आणि शेजारच्या बाकाचा असतो. तरी दोन्ही खर्च एकाच तागडीत घालणं मला पटत नाही. शाळेतून मूल काही ना काही घेऊन बाहेर पडतं आणि ते दरवर्षी पंधरा टक्क्यांनी घटत नाही.

“बरं, मान्य,” भाची म्हणाली. “निम्मी फी दिखाव्याची आहे. पण ती मी पगारातून भरते, पुरवठादारांना थकवून नाही.”

मामांनी चष्मा काढला.

“मार्चअखेर तुमच्याकडे पावडर कोटिंगवाल्याचे अकरा लाख थकले होते. तो सूक्ष्म उद्योगात नोंदलेला आहे. लेखी करार असेल तर पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. २०२३-२४ पासून आयकरात हे कलम आहे आणि तुम्हाला मी दोनदा सांगितलंय. त्याने चार वेळा फोन केला. त्याच्या दारावरून ई-क्लास नेणार तुम्ही?”

“माझेही थकलेत. मोठ्या कंपनीकडे, नव्वद दिवस.”

“म्हणून तुम्ही खालच्याला थकवायचं, आणि गाडी मात्र रोख मार्जिन भरून?”

यावर मामांकडे उत्तर नव्हतं. खोलीतला हा एकच मुद्दा असा, की ज्याला प्रतिष्ठा, जात, शिक्षण, बँक यांपैकी कशाचाच आडोसा मिळाला नाही. मामींनी निवडलेली मेथी उचलली आणि आत जाताजाता म्हणाल्या, “त्याची बायको परवा भेटली होती मला. काही बोलली नाही ती.”

मामांनी फोन काढून अकाउंटंटला पावडर कोटिंगवाल्याचे निम्मे पैसे उद्याच टाकायला सांगितलं. निम्मेच. मग धाकटीला हाक मारून जर्मनीचा अर्ज कधी भरायचा ते विचारलं. ती म्हणाली, तारीख पुढच्या महिन्यात आहे. मामा म्हणाले, भर. मर्सिडीजचं मात्र ते काही बोलले नाहीत, आणि भाचीला मामा चांगले ठाऊक होते.

“अगदी घ्यायचीच असेल तर तीन वर्षं जुनी घ्या,” ती म्हणाली. “पहिल्या तीन वर्षांची घट दुसऱ्याने सोसलेली. पुण्यात पाहिजे तेवढ्या मिळतात. गाडी तीच, गेट तेच.”

“नंबर एमएच-१२ चा असणार.”

“असू दे की.”

“असू दे काय? अख्ख्या वाळूजला कळेल, पुण्याची जुनी उचलून आणली. एमएच-२० करून मिळत नाही?”

“राज्यातल्या राज्यात नंबर बदलत नाही, मामा.”

मामांनी थोडा विचार केला. “मग दिल्लीची बघ. परराज्यातून आणली की इथला नवा नंबर पडतो ना?”

“पडतो. पण इथला रोड टॅक्स परत भरावा लागतो. गाडीचं वय बघून कमी होतो, पण भरावा लागतो. आणि दिल्लीचा परतावा मिळवायला चपला झिजतात.”

“चपला झिजवायला माणूस आहे माझ्याकडे,” मामा म्हणाले. “तू फक्त आकडा काढ. कंपनीच्या नावावर नको, माझ्या.”